सुसाना कुठे आहे

मोगरपाडा, ता. नवापूर
६ जानेवारी २०२५

ती. दादास,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

पत्र हातात पडल्यावर तू म्हणशील, या जमान्यात ही बया टपाल कसलं पाठवते. पण इथे फोनला रेंज हवी तर टेकडी चढावी लागते, आणि टेकडीवर आधीच पाचसहा जण कानाला फोन लावून उभे असतात. त्यांच्यादेखत तुझ्याशी भांडायची माझी तयारी नाही. शिवाय आईला फोनवरचं काही ऐकू येत नाही. वहिनी तिच्या कानाशी बसून मोठ्याने पत्र वाचतात ते तिला पुरतं, म्हणून हा उद्योग. सारंगखेड्याच्या यात्रेत तू घोड्यांभोवती घिरट्या घातल्या असशीलच. घेतला नाहीस म्हणजे मिळवलं.

शाळा बरी चालली आहे. आम्ही शिक्षक दोघंच, मी आणि दावीद सर. सर याच डोंगरातले, मुलांची घरची बोली ती त्यांचीही. पहिले दोन महिने मी शिकवत होते आणि मुलं भिंतीकडे बघत होती. मग मी रीतच बदलली. आता मुलांनी रोज घरून एक प्रश्न आणायचा आणि तोच त्या दिवसाचा धडा. परवा प्रश्न आला की वरच्या फळीतल्या, म्हणजे वरच्या वस्तीतल्या, घरांच्या हातपंपाला पाणी का नाही. सगळी शाळा पंप बघायला गेली. मुलांनी ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला, आधी आपल्या बोलीत, मग मराठीत. दुसऱ्या दिवशी एक सदस्य शाळेत येऊन विचारून गेले की बाई, तुम्हाला इथे नेमकं पाठवलं कुणी. बदली करणाऱ्या खात्याने, असं मी सांगितलं, पण त्यांचा विश्वास बसला नाही.

गावाचाही बसत नाही. मी पाणवठ्यावर गेले की बोलणं थांबतं. आणि आता एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. चौथीत सुसाना नावाची मुलगी आहे. प्रश्न आणण्यात आणि वाचण्यात सगळ्यांत पुढे. ती गेल्या महिन्यातल्या यात्रेच्या सुमारापासून शाळेत नाही. तिची आई रंजना म्हणते मामाकडे गेली, शेजारीण म्हणते तापाने पडली आहे, आणि चुलत्याने तर मला बघून दारच लावून घेतलं. बाप वर्षभर बाहेरगावी कामाला असतो; कुठे, ते कुणी सांगत नाही. सुरतेकडे माणसं नेणारे मुकादम इथे येत-जात असतात. मला यात काहीतरी काळंबेरं वाटतं.

बाळाचे हातपाय हलते आहेत ना? आईला सांग, मी जेवते. वहिनींना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, दुरून आटू देऊ नकोस.

तुझी,
रोहिणी


प्रकाशा
१४ जानेवारी, संक्रांत

प्रिय रोहिणीताईंस,
रंजिताचा स. न. वि. वि.

तीळगूळ घ्या आणि तुमच्या भावाशी गोड बोला. ते तुमच्याशी बोलत नाहीत म्हणून मी लिहिते. तुमचं पत्र आईंना वाचून दाखवलं. घोड्याचं ऐकून त्या खूप हसल्या. ह्यांनी घोडा घेतला नाही, पण घोडेवाल्याला दोनदा चहा पाजला.

त्या मुलीचं वाचलं तेव्हा मात्र आईंचा चेहरा उतरला. तिनी मायना जीव कसा ऱ्हात व्हई, असं दहा वेळा म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी केदारेश्वराला जाऊन आल्या आणि पोर सापडू दे, नारळ फोडसू, असं बोलून आल्या. आता रोज मला विचारतात, रोहिणीनी पोर सापडनी का.

घरचं बरं आहे. बाळ रडकं आहे, पण मला आता हाताशी माणूस मिळालं. गेल्या अक्षय्यतृतीयेला, आखाजीलाच ह्यांनी वर्षाच्या बोलीवर नवा सालदार ठेवला ना, तुमच्याच नवापूर बाजूचा, त्याने यात्रा आटोपल्यावर आपली मुलगी आणून ठेवली. आठनऊ वर्षांची असेल. मंगळवारी आली म्हणून आईंनी तिचं नाव मंगी ठेवलं. पाळणा हलवते, आईंचे पाय दाबते, दुपटी वाळत घालते. सगळं डाव्या हाताने. आईंना आधी ते आवडेना, आता चालतं. अगदी घरच्यासारखी राहते. तुमचं पत्र वाचत होते तेव्हा ही दाराशी बसून असं ऐकत होती की पाळणा हलवायचाच विसरली आणि बाळ उठलं. मी रागावले. संध्याकाळी मला म्हणते, ते पत्र परत वाचा ना. या मुलांना काय गंमत वाटेल सांगता येत नाही.

एक गोष्ट सांगते, माझं नाव घेऊ नका. ह्यांच्या डोक्यात त्या दावीद सरांचं भूत बसलं आहे. खांडबाऱ्याच्या बाजाराहून आलेल्या कुणीतरी सांगितलं की तुमची बहीण संघटनेत गेली, रविवारी प्रार्थनेलाही बसते. हे दोन दिवस जेवले नाहीत नीट. शहाद्याचं जे स्थळ होतं त्यांनीही निरोप फिरवला, तोही ह्याच बोलण्यावरून, असा ह्यांचा संशय. मी म्हटलं, ताई कुठे जाणाऱ्यातल्या नाहीत. तरी जरा जपून राहा.

थंडी आहे, पांघरूण घेत जा. वहिनीवर राग धरू नये, धरलाच तर पत्रातून कळवावा.

तुमची,
रंजिता


मोगरपाडा
३ फेब्रुवारी २०२५

ती. दादास,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तीळगूळ पोचला, तुझं गोड बोलणं पोचलं नाही. माझ्याबद्दल तुला कोण काय सांगतं ते मला ठाऊक आहे. मी कुठल्या संघटनेत नाही. रविवारी चर्चपुढच्या चिंचेखाली बसते ते खरं, कारण सगळं गाव एके ठिकाणी तेव्हाच सापडतं. शाळेत कोण येत नाही आणि का येत नाही, एवढंच विचारते. उत्तर कुणी देत नाही, त्यामुळे तू निश्चिंत राहा.

सुसानाचा पत्ता नाही. शेवटी गेल्या आठवड्यात मी पोलीस ठाण्यात जाऊन ती हरवल्याची तक्रार दिली. ठाण्यातल्या माणसाने आधी विचारलं, मुलगी तुमची कोण. विद्यार्थिनी शिक्षिकेची कोण लागते ते कागदात लिहायला जागा नसते. बरोबर दावीद सर होते, पण सहीची वेळ आली तेव्हा ते चहा घ्यायला बाहेर गेले. हे मला खटकलं आहे. गावातल्या प्रत्येक घराचं त्यांना माहीत असतं आणि सुसानाचं तेवढं माहीत नाही, हे कसं? विचारलं की म्हणतात, बाई, तुम्हाला जे माहीत आहे तेच मला माहीत आहे. मला तर काहीच माहीत नाही. तक्रार दिल्याचं रंजनाला सांगितलं तेव्हा ती आनंदेल असं वाटलं होतं. ती घाबरली. माझ्या पाया पडून कागद परत आणा म्हणाली. ज्या आईची मुलगी हरवली आहे ती असं करते का?

आता मला सगळ्यांचाच संशय येतो, मुकादमाचा, सरांचा, त्या चुलत्याचा. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. तू बाजारात, साखर कारखान्यावर चार माणसांत असतोस. या बाजूच्या माणसांना कामाला कोण नेतं याची जरा चौकशी कर. एवढं काम बहिणीचं कर.

आईला सांग, नारळ तयार ठेव. लोभ पातळ झाला असेल तर तसं कळव, म्हणजे मी तो घट्ट करायला येईन.

तुझी,
रोहिणी


प्रकाशा
१२ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस,
हेमकांतचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. हे मी घरात वाचू दिलेलं नाही. आईला उगाच घोर.

तू तिथे शिक्षिका म्हणून गेलीस की फौजदार म्हणून, हे मला समजेनासं झालं आहे. मुलांनी प्रश्न विचारायचे आणि बाईंनी गावभर उत्तरं शोधत फिरायचं, ही कुठली शाळा? आपले अण्णा पाटीलकी करून गेले, पण कुणाच्या दाराला जाऊन तुझी पोर कुठे असं त्यांनी विचारलं नाही. ज्याचं घर त्याला माहीत. हा दावीद कोण, त्याचा यात फायदा काय, ते आधी बघ. तो सहीच्या वेळी बाहेर का गेला ते मी सांगतो: तुला पुढे करून स्वतः कोरडा राहायला.

पोलिसांत दिलेला कागद मागे घे. ते लोक आपली मुलं आपल्या मर्जीने नेतात-आणतात. ती पोर तिच्या बापाजवळ आहे असं समज. दोन वेळ पोटभर जेवत असेल, अंगावर धड कपडा असेल, गावी असती तर काय मिळालं असतं? आणि डावखुरी पोर कुठे हरवत नसते, चार जणांच्या लक्षात राहते. तुझ्या तक्रारीने एखाद्या गरिबाचं साल मात्र मोडेल.

मी चौकशी केली. काही हाती लागलं नाही. विषय सोड. आखाजीला सगळ्यांच्या लेकी घरी येतात, तूही ये, झोका बांधतो, आई वाट बघते. आशीर्वाद आहेतच, ते तू कुणाच्या नादी लागून घालवू नयेस.

तुझा,
हेमकांत


मोगरपाडा
१ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न.

पुढचं वि. वि. लिहायला हात वळत नाही, तेवढं सोडून देते.

ती डावखुरी आहे हे मी तुला कधी लिहिलं? माझी दोन्ही पत्रं काढून बघ. मी लिहिलं नव्हतं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ही ओळ दोनदा वाचली आणि तरी मनाची समजूत घातली, की दादा बोलण्याच्या ओघात काहीही लिहितो. मग गेल्या आठवड्यात शाळेत लवजी नावाच्या मुलाने प्रश्न आणला: आपल्या गावातली माणसं जातात कुठे? चांगला प्रश्न होता. मी खूश झाले. आम्ही अंगणात जमिनीवर मोठा नकाशा काढला. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला सुरत, मध्ये रेल्वे, इकडे तापी. ज्याच्या घरचं माणूस जिथे असेल तिथे त्याने एक खडा ठेवायचा. सुरतेत ढीग झाला. बारडोलीच्या उसात ढीग झाला. मी विचारलं, सुसानाचा खडा कोण ठेवणार? कुणी हलेना. मग तिच्या चुलत्याची मुलगी उठली, दोन खडे घेतले, एक मोठा, एक लहान, आणि तापीच्या काठावर जिथे मीच प्रकाशा लिहिलं होतं तिथे ठेवून जागेवर जाऊन बसली. एकही मूल खड्यांकडे बघत नव्हतं. सगळी माझ्याकडे बघत होती.

मी खोलीवर जाऊन वहिनींचं संक्रांतीचं पत्र काढलं. मंगी. मंगळवारी आली म्हणून मंगी.

दावीद सरांना मी काय वाटेल ते बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं की सगळ्या गावाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सुसानाचा बाप योहान प्रकाशाला भिला पाटलांच्या घरी सालदार आहे आणि बाई त्याच घरच्या. आम्हाला वाटलं तुम्हाला सगळं ठाऊक आहे आणि आमच्यातलं कोण तोंड उघडतं ते बघायला तुम्ही विचारता. तुम्ही तक्रार दिली तेव्हा तर गावाची खात्रीच पटली की हा काहीतरी डाव आहे. म्हणजे माझ्यावरही गावाची नजर होती, दादा. मी ज्यांच्यावर संशय घेत हिंडले ते सगळे मला चोराच्या घरची समजत होते, आणि ते बरोबर होते.

रविवारी मी यायला निघाले. नंदुरबारच्या बसस्टँडवरून परत फिरले. घरी आले असते तर आईच्या हातचं जेवले असते, बाळाला मांडीवर घेतलं असतं आणि तोंड बंद ठेवून परत आले असते. मला माझी खात्री वाटेना. म्हणून लिहिते.

सुसानाला तिच्या आईकडे पाठव. योहानचं साल मोडू नकोस. त्याचं काम त्याने करायचं आहे, मुलीने नाही. आठ दिवस वाट बघते.

रोहिणी


प्रकाशा
१० मार्च २०२५

प्रिय रोहिणीताईंस,
रंजिताचा नमस्कार.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. पोस्टात मी स्वतः जाऊन टाकीन.

तुमचं पत्र ह्यांनी कपाटात ठेवलं होतं, मी काढून वाचलं. आधी मला तुमचाच राग आला. वाटलं, ताई आम्हाला चोर म्हणतात. आम्ही तिला उपाशी ठेवत नाही, हात उगारत नाही. माझ्या ताटातलं तिला देते. मग मी पत्र घेऊन ओट्यावर आले. ती पाळण्याजवळ बसली होती. मी नुसतं सुसाना म्हटलं, हाक मारल्यासारखंही नाही. तिच्या हातातून दोरी सुटली. तीन महिने माझ्या घरात आहे आणि तिचं नाव काय हे मी विचारलं नव्हतं.

मी तिला विचारलं, बाईंचं पत्र वाचत होते तेव्हा बोलली का नाहीस. ती म्हणाली, बापू म्हणाला होता गप्प राहा, नाहीतर साल जाईल. आणि म्हणाली, बाई मला शोधताहेत हे ऐकायला बरं वाटायचं. ताई, तुमचं पत्र परत वाचायला सांगायची ते यासाठी. आई नारळ बोलून आल्या तेव्हा हीच त्यांचे पाय दाबत बसली होती. आई अजून रोज विचारतात, पोर सापडनी का, आणि ही मान खाली घालून बसते.

आईंना सांगायचं नाही अशी ह्यांची ताकीद आहे. मी ह्यांच्याशी बोलले. म्हटलं पाठवून द्या, बाळाचं मी बघेन. त्यांचं म्हणणं, आता पाठवली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल. आखाजीला साल संपतं, तेव्हा बाप-लेक आपसूक जातील, कुणाला काही कळणार नाही. मी दोन दिवस पाळण्याला तिला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी मला ताप आला आणि पुन्हा तिलाच बोलावलं. तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्ही काय करणार ते मला कळवू नका. कळलं तर ह्यांच्यापुढे मला खोटं बोलता येत नाही. आपलं म्हणत होतात तेवढं म्हणत राहा.

रंजिता


प्रकाशा
२० मार्च २०२५

चि. रोहिणीस,
आशीर्वाद.

माझ्याच घरात माझ्यावर पाळत ठेवली जाते हे मला समजलं आहे. रंजिताने पत्र टाकलं ते पोस्टमनने मला सांगितलं.

थोडक्यात लिहितो. ती पोर बापाच्या मर्जीने आली. मी कुणाला उचलून आणलं नाही. सालदाराची बायकापोरं त्याच्याबरोबर राहतात, ही रीत माझ्या जन्माच्या आधीची आहे. तू लहान होतीस तेव्हा तुला कडेवर घेऊन हिंडणारी पोरगी कोण होती, आठवतं का? तेव्हा कुणी पोलिसांत गेलं नाही.

तू लिहून दे की मुलगी वडिलांकडे आहे, सुखरूप आहे, तक्रार नाही. यात खोटं काही नाही. मग आखाजीला ती गावी येईल. शाळेत बसव, कलेक्टर कर.

आणि आपल्या घराचा पत्ता त्या कागदावर गेला, तर आखाजीला येऊ नकोस. त्यानंतरही येऊ नकोस. आईला काय सांगायचं ते मी बघेन. तुला कोण फूस लावतं ते मला माहीत आहे, पण सही तुझी असेल. विचार कर. आशीर्वाद राहावेत की नाही, हे आता तुझ्या हातात आहे.

हेमकांत


मोगरपाडा
११ एप्रिल २०२५

ती. दादास,
रोहिणीचा सा. न. वि. वि.

या वेळी सगळं लिहिते, कारण कदाचित हे शेवटचं असेल.

मला फूस कुणीच लावली नाही. दावीद सरांनी तर मला अडवलं. म्हणाले, बाई, तुम्ही भावाचं नाव दिलंत तर तुमचं घर जाईल आणि गाव तरीही तुमच्यावर विश्वास ठेवेल याची खात्री नाही. खरं आहे ते. सुसानाची आई रंजना माझ्याशी अजून बोलत नाही. तिला वाटतं योहानचं पुढचं साल आता कुठेच लागणार नाही, प्रकाशापासून शहाद्यापर्यंत सगळे पाटील एक होतील. तिचं म्हणणं चूक आहे असं सांगायला माझ्याकडे काही नाही.

तुझं पत्र आल्यावर मी तू म्हणतोस तसा कागद लिहिलाही होता. मुलगी वडिलांकडे आहे, सुखरूप आहे. दोन ओळी, त्यात खोटं काही नाही. तो पर्समध्ये घेऊन मी शाळेत गेले. त्या दिवशी सुसानाच्या चुलत बहिणीने प्रश्न आणला. तो असा: आपण पंपाच्या अर्जात ग्रामसेवकाचं नाव लिहिलं. मालक बाईंचा भाऊ असला तर बाई नाव लिहितील का?

मी आठ महिने या मुलांना सांगत आले की प्रश्नाला घाबरायचं नाही. त्या दिवशी मात्र मी म्हटलं, उद्या सांगते. घरी गेले, रडले. तुझी खूप आठवण आली. अण्णा गेले तेव्हा माझ्या डी.एड.ची फी भरायला तू स्वतःचं लग्न दोन वर्षं लांबवलंस, ते मी विसरलेले नाही. तू वाईट माणूस असतास तर मला हे सोपं गेलं असतं.

सकाळी मी फळ्यावर लिहिलं: सुसाना सापडली. ती हेमकांत भिला पाटील, राहणार प्रकाशा, यांच्या घरी कामाला आहे. ते माझे भाऊ आहेत. मुलांनी ते मोठ्याने वाचलं, नेहमी वाचतात तसं, एका सुरात. मग तेच मी कागदावर उतरवलं आणि सही केली. एक प्रत ठाण्यात दिली, एक तालुक्याला शिक्षण खात्यात. दावीद सर या वेळी चहाला गेले नाहीत, त्यांनी खाली साक्षीदार म्हणून सही केली.

माणसं चौकशीला येतील. तुझ्या पाठीमागे केलं असं तुला म्हणता येऊ नये म्हणून आधी कळवते आहे. तेवढ्यात तिला दुसरीकडे हलवलंस तर ते तूच केलंस हे मला कळेल, आणि मग मात्र मी तुला कधी दादा म्हणणार नाही.

तू ये म्हणेपर्यंत मी येणार नाही. आईला सांग, माझी तब्येत बरी आहे. बाळाचा पापा. लोभ ठेव म्हणायचा मला हक्क उरला आहे का ते माहीत नाही, तरी म्हणते.

तुझी,
रोहिणी


खांडबारा स्टेशन
२६ एप्रिल २०२५

चि. रोहिणीस,

बाकावर बसून लिहितो आहे, अक्षर वाकडंतिकडं येईल. कागद इथल्या चहावाल्याच्या वहीतला आहे.

मंगळवारी माणसं आली, दोघे साहेब आणि एक पोलीस. आईला वाटलं तुझ्यासाठी स्थळ घेऊन आले. पाहुना कोठला शेतस, असं विचारत तिने खुर्च्या पुसल्या, चहा टाकायला सांगितला. साहेबांनी पोरीला बोलावलं. नाव विचारलं, तिने खरं सांगितलं. मग विचारलं, तुला इथे कामाला कुणी ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं. आई माझा हात धरून विचारायला लागली, काय म्हनी ऱ्हायना त्या, काय म्हनी ऱ्हायना. मी हळू सांगितलं. तिला ऐकू आलं नाही. जरा मोठ्याने सांगितलं, तरी नाही. कुंपणाशी अर्धी गल्ली जमली होती. शेवटी मला ओरडून सांगावं लागलं की आई, रोहिणीची हरवलेली पोर हीच आहे आणि हिला मी ठेवली. तेवढं एकदा ओरडल्यावर माझ्यात काही उरलं नाही. आई पोरीजवळ गेली आणि तिने तिच्या हातातलं ओलं दुपटं काढून घेतलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोललेली नाही.

साहेब गेल्यावर मी संतापाने ओट्यावरून सगळ्यांसमोर म्हणालो, रोहिणीला आता या घराचा उंबरा बंद. तो राग अजून गेलेला नाही. तुला वाटत असेल गेला, तर तो गैरसमज काढून टाक. माझ्यावर केस आहे, तारखा पडतील, आणि तू कागद मागे घेणार नाहीस हे मला माहीत आहे. घेऊही नकोस. आता घेतलास तर लोक म्हणतील पाटलांनी बहिणीला दाबलं.

योहानला काढलेलं नाही. त्याने पुढचं साल करायला होकार दिला, पण रविवारची सुट्टी मागितली, प्रार्थनेला. आजवर एकाही सालदाराने मला सुट्टी मागितली नव्हती. यातही तुझाच हात आहे असा माझा संशय आहे. मी देतो म्हणालो.

साहेब म्हणाले होते पोरीला पोचवायची सोय ते करतील. आई ऐकेना. बोलत तर नव्हतीच, नुसती पिशवी भरून दाराशी ठेवली आणि माझ्याकडे बघत बसली. म्हणून साहेबांना विचारून मीच निघालो. योहानही येत होता, त्याला म्हटलं तू थांब, हे माझं काम आहे. प्रकाशाहून नंदुरबारपर्यंत पोर एक शब्द बोलली नाही. मीही काय बोलणार? चार महिने ती माझ्या घरात होती, पण तिच्याशी बोलायची मला सवय नाही. गाडीत खिडकीजवळ बसवली. चणे घेऊन दिले, तिने हातात धरून ठेवले.

खांडबाऱ्याच्या अलीकडे तिने माझ्याकडे तोंड वळवलं आणि विचारलं की मी आता परत चालले, तर बाईंना घरी येऊ देणार ना.

मी बाहेर बघत राहिलो. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

साहेबांनी कळवलं म्हणून तुझे दावीद सर पोरीला न्यायला आले आहेत, समोर उभे आहेत. माझ्याकडे बघताहेत आणि मी त्यांच्याकडे. दोघांनाही नमस्कार कुणी आधी करायचा ते समजत नाही. माझी परतीची गाडी यायची आहे.

हे पत्र मी त्यांच्याजवळ देत नाही, पोरीच्याच हाती देतो. पाकीट नाही, उघडंच आहे. वाटेत वाचलं तर वाचू दे, उत्तर तिलाही हवं आहे. बुधवारी आखाजी आहे. मी झोका बांधतो. ये.

तुझा, अजून रागावलेला,
दादा